भरमाण्णाचा टॉवेल

गोणपाट नव्हतं. टॉवेल होता. पांढरा, त्या लोकांनीच दिलेला. हे आधी लिहून टाकतो, कारण आमच्या हुबळीच्या गोल्फ मैदानावर चहाच्या टपरीशी जी गोष्ट सांगतात तिच्यात गोणपाट असतं. "हुबळीचा म्हातारा कॅडी बंगळूरला मोठ्या स्पर्धेला गेला आणि तिथल्या हिरवळीवर गोणपाट ओढून आला," असं सांगतात आणि मांडीवर थाप मारून हसतात. सांगणाऱ्यांतला एकही त्या दिवशी तिथं नव्हता. मी होतो.

त्याच टपरीच्या मागं क्लबची भिंत आहे. त्या दिवशी तो कॅडी ज्याची बॅग वाहत होता, त्या समीरचा फोटो भिंतीवर लावलाय, काचेत. खाली इंग्रजीत मजकूर आहे. मला इंग्रजी येत नाही. माझी नात धारवाडात सप्तापूरला खोली घेऊन राहते, युनिव्हर्सिटीत शिकते, तिला एकदा मुद्दाम आणून वाचायला लावलं. ती म्हणाली, "आजोबा, लिहिलंय की कुणी बघितलेलं नसताना या खेळाडूनं स्वतःची चूक स्वतः सांगितली."

चूक त्याची नव्हती. आणि आधी सांगणारा तो नव्हता.

म्हणून लिहितो. मी चौथी पास माणूस. मराठी येतं, कन्नड येतं, दोन्ही वाचतो. शुद्धलेखन नात बघणार आहे. मजकुराला हात लावलास तर बघ, असं तिला बजावून ठेवलंय.

तो कॅडी म्हणजे भरमाण्णा, मूळचा अळणावरच्या पलीकडचा, जंगलाच्या कडेच्या गावचा. विशीत हुबळीला आला, मैदानावर कुणा खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग खांद्याला लावली, ती पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं उतरली नाही. उंच, किडकिडीत, आणि पाय मात्र दुसऱ्याच माणसाचे वाटावेत असे. रुंद, बोटं फाकलेली. चपला पहिल्या होलाजवळच्या चिंचेखाली काढायच्या आणि नऊ होल अनवाणी फिरायचं. मे महिन्यात आमची काळी जमीन तापून तव्यासारखी होते, तरी अनवाणीच. अंतर तो पावलांत सांगायचा. त्याच्या पावलांत. साहेब लोक यार्डात विचारायचे, हा म्हणायचा, "एकशे अठ्ठेचाळीस पावलं. वर वारा आहे, खाली नाही." चुकलेलं मी तरी ऐकलं नाही.

तोंडात शब्द दोनच. फटका चांगला बसला तर "आहे." वाईट गेला तर "हुडकू." बास. दुसरे कॅडी साहेबांना खूश करायला "वा साहेब, क्या बात है" म्हणून उड्या मारायचे. मोठमोठे ऑफिसर याच्या एका "आहे"साठी मान वळवून बघायचे. आणि "हुडकू" म्हणाला की बॉल मिळाल्याशिवाय परतायचा नाही. काट्यात हात घालायचा, नाल्यात उतरायचा.

आता मी कोण तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मैदानाला तेव्हा गवत नव्हतं. पावसाळ्यात चार महिने काय उगवेल तेवढं. मग होलाभोवतीची जागा गवताची कशी करणार? ती वाळूची असायची. बारीक चाळलेली वाळू, तिच्यात गाडीचं जळकं तेल कालवायचं, म्हणजे वाळू जड होते, उडत नाही, बॉल तिच्यावरून सरळ घरंगळतो. रंगानं तपकिरी, म्हणून तिला ब्राऊन म्हणायचे. ती नऊ ब्राऊन मी राखत होतो. तेल किती, वाळू किती, ते माझ्या हाताला कळायचं.

या ब्राऊनवर पावलं उमटतात. म्हणून शेवटचा हलका फटका मारायच्या आधी कॅडीनं होलापासून बॉलपर्यंत गोणपाटाचा तुकडा ओढायचा, वाट गुळगुळीत करून द्यायची. ते कॅडीचं कामच. नाही ओढलं तर साहेब ओरडणार. भरमाण्णा पाठमोरा चालत, वाकून, एका दमात ओढायचा. एकदाच. दुसरे दोनदा-तीनदा ओढायचे. हा म्हणायचा, "दुसऱ्यांदा ओढलास की वाळू खोटी होते. मग बॉल खोटा जातो."

चाळीस वर्षं आम्ही यावरच भांडलो. तो ब्राऊनवर अंगठा टेकवून म्हणायचा, "आज तेल जास्त झालंय बघ."

"तुझं डोकं जास्त झालंय," मी म्हणायचो.

"डोकं नाही रे, पाय सांगतोय."

"मग पायालाच बोल की, मला कशाला सांगतोस!"

त्याच्या हट्टाची एकच गोष्ट सांगतो. एक फार मोठा ऑफिसर होता, खेळाचा नाद मोठा, हात लहान. एकदा त्याचा बॉल झुडपाच्या बुंध्याशी बसला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि बुटाच्या टोकानं हळूच बॉल बाहेर घेतला. भरमाण्णा चार पावलांवर होता. त्यानं बॅग खांद्यावरून उतरवली, जमिनीवर सरळ उभी केली आणि बाजूला उकिडवा बसला.

"चल रे," ऑफिसर म्हणाला.

"येतो की. बॉल पहिला जिथं होता तिथं ठेवा, येतो."

ऑफिसरनं स्वतः बॅग ओढत नेली. पुढं दोन महिने भरमाण्णाला कुणी बॅग दिली नाही. तो रोज सकाळी यायचा, चिंचेखाली बसायचा, दुपारी जायचा. मी म्हणालो, "जा, माफी मागून ये."

"कुणाची?" त्यानं विचारलं. खरोखर विचारलं. कुणाची मागायची ते त्याला कळत नव्हतं.

समीर धारवाडच्या वकिलांचा मुलगा. वकील रविवारी खेळायला यायचे, पोराला बरोबर आणायचे, आणि भरमाण्णाच्या हवाली करायचे. भरमाण्णानं त्याला शिकवलं म्हणणं बरोबर नाही, तो शिकवण्यासारखं काही बोलतच नव्हता. आपल्याबरोबर चालवत होता, एवढंच. पोराच्या हातात जादू होती आणि डोक्यात आग. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एकदा फटका फसला म्हणून समीरनं काठी चिंचेवर आपटून मोडली. भरमाण्णानं दोन्ही तुकडे उचलून बॅगेत ठेवले. पुढच्या होलाला समीरनं तीच काठी मागितली, विसरून. भरमाण्णानं दोन्ही तुकडे पुढं धरले. "कुठला देऊ?"

पुढच्या पाच होलांना तेच. "कुठला देऊ? वरचा का खालचा?" शेवटी पोरगं रडकुंडीला आलं आणि मग हसायला लागलं. त्यानंतर त्यानं काठी मोडली नाही.

पुढं समीर मोठा खेळाडू झाला. गावोगाव स्पर्धा खेळू लागला. पण फार वर नाही गेला. मधेच कुठंतरी अडकला. लग्न झालं, मुलगी झाली. सासऱ्यांचं हुबळीत कोप्पीकर रोडला मोठं दुकान. सासरे म्हणत होते, आता पुरे, दुकानात बसा. समीर चौतिशीत होता. त्या वर्षी बंगळूरला देशातली मोठी स्पर्धा होती, बाहेरदेशाचे खेळाडू येणार होते. अशा स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर रेघ पडते. ज्यांचे फटके जास्त झाले ते निम्मे खेळाडू घरी जातात, कमी फटक्यांचे निम्मे पुढं खेळतात. समीरचं असं होतं की रेघेच्या वर राहिला तर पुढचं वर्ष खेळायला मिळणार, खाली गेला तर संपलं. हे तोच सांगायला आला होता. त्याचा नेहमीचा कॅडी सोडून गेला होता.

"भरमाण्णा, बॅग घेशील?"

भरमाण्णा तेव्हा साठीच्या पुढं गेलेला. "मला तिथलं काय कळतंय समीर? तिथं गवत आहे म्हणतात."

"मला तू पाहिजेस. बाकीचं मी सांगतो."

भरमाण्णा माझ्याकडं वळला. "हा येणार असला तर येतो. मला बोर्ड वाचता येत नाहीत."

असा मी गेलो. समीरनं मला बघ्याचा पास दिला.

तिथं कॅडीला बूट सक्तीचे. म्हणून आधी कोप्पीकर रोडला कॅनव्हासचे बूट घ्यायला गेलो. दुकानातल्या पोरीनं विचारलं, "अज्जा, नंबर किती?" भरमाण्णा म्हणाला, "नंबर कसला? पाय आहे की." तिनं मापाची पट्टी आणली. पाय पट्टीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. सगळं दुकान हसलं, तोही हसला. त्याला हसताना मी क्वचित बघितलं, म्हणून लक्षात आहे.

बंगळूर म्हणजे काय सांगू. डोक्यावरून रेल्वे, पायाखालून रेल्वे, मधे माणसं. मैदानावर तर जत्राच. झेंडे, तंबू, आइस्क्रीमच्या गाड्या, भिंतीएवढे टीव्ही, पोरंबाळं, टोप्या घातलेल्या बायका. आम्ही कन्नड बोललो की लोक वळून बघायचे. "हुबळीचे काय?" म्हणायचे. आमचं "हौद्री, बर्रीऽ" म्हणजे होय जी, या जी, ऐकून त्यांना गंमत वाटायची. भरमाण्णाला त्या जत्रेतली एकच गोष्ट आवडली. खेळाडू फटका मारायला उभा राहिला की तेवढी हजारो माणसं एकदम गप्प. तो म्हणाला, "देवळात पण एवढी गप्प बसत नाहीत बघ."

आणि गवत. होलाभोवतीचं गवत, त्याला तिथं ग्रीन म्हणतात, इतकं बारीक कापलेलं की ते गवत आहे हे हात लावून बघावंसं वाटावं. समीरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हात लावायचा नाही. भरमाण्णा बूट घालून त्याच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "पायाला काय कळेना रे."

त्या दिवशी तिथल्या लोकांनी कॅडींना अंगावर घालायचं जाकीट, एक पांढरा टॉवेल आणि एक छापील कागद दिला. कागद भरमाण्णानं माझ्याकडं दिला. "काय लिहिलंय?"

कागद इंग्रजीत होता. आजूबाजूला बंगळूरचे कॅडी, खेळाडू, दोन पोरी फाइल घेऊन उभ्या. मी कागद धरला, वरून खाली नजर फिरवली, पालटला, मागचंही बघितलं. आणि म्हणालो, "नेहमीचंच आहे. बूट घाला, वेळेवर या."

विचारता आलं असतं. त्या पोरींना विचारलं असतं तर त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं असतं, चांगल्या पोरी होत्या. समीरला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. चारचौघांत, मला वाचता येत नाही, असं म्हणायची मला सवय नाही. त्या कागदावर दवाचं काही होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. नसेलही. पण मी वाचला नव्हता आणि वाचला म्हणालो. हे मी भरमाण्णाला कधीही सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय.

पहिल्या दिवशी समीरचा खेळ दुपारी होता. ऊन, कोरडं गवत. बरा खेळला, धड वर नाही धड खाली नाही. भरमाण्णाच्या टाचेला फोड आले. संध्याकाळी लॉजवर बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं चिकटलेला. मी म्हणालो, "उद्या सोड." तो म्हणाला, "उद्याच तर रेघ आहे की."

दुसऱ्या दिवशी समीरची तिघांची तुकडी सकाळी सगळ्यांत पहिली होती. उजाडतानाच सुरू. पहिल्या होलाचं ग्रीन झाडांच्या सावलीत. त्यावर दव. पांढरं, बारीक, सगळीकडं सारखं. बाकी दोघांपैकी एकाचा बॉल झुडपात गेलेला, ते दोघे आणि त्यांचे कॅडी तिकडं हुडकत होते. समीर ग्रीनच्या पलीकडं पाठ करून, उतार कसा आहे ते बघायला खाली गेलेला. बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीशी एवढ्या सकाळी मी एकटा. भरमाण्णा होलाशी गेला, खांद्यावरचा टॉवेल काढला, दुमडला, वाकला आणि पाठमोरा चालत होलापासून बॉलपर्यंत एका दमात ओढत आला. एकदाच. दवात स्वच्छ हिरवी वाट उमटली.

मी बघितलं आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. उलट, छान ओढला असं वाटलं.

समीर आला, उभा राहिला, हलका फटका मारला. बॉल आत. त्याला वाट दिसली नाही काय? मी पुष्कळ विचार केलाय. तोही आमच्याच ब्राऊनवर वाढलेला. त्याच्या बॉलच्या पुढं आयुष्यभर वाट ओढलेलीच असायची. दिसली असेल, आणि त्याच्या मनात आलं नसेल. माझ्या तरी कुठं आलं?

दुसऱ्या ग्रीनवर भरमाण्णानं परत खांद्यावरचा टॉवेल काढला. दुसऱ्या खेळाडूचा कॅडी, बंगळूरचा एक जाडा माणूस, शेजारीच उभा होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, "एय् अज्जा, मुट्टबेडा! हात लावू नको. दव पुसलंस तर तुझ्या साहेबाला दोन फटके दंड!"

भरमाण्णाचा हात तिथंच थांबला. त्यानं टॉवेल परत खांद्यावर ठेवला. समीर लांब होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. मी दोरीपाशी होतो, मला गेलं.

तिथून पुढं सोळा होल. आणि त्या सोळा होलांत समीर असा खेळला की मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. बॉल काठीला लागला की आवाजच वेगळा यायचा. लोक जमायला लागले. हुबळीचा, हुबळीचा असं कुजबुजायला लागले. भरमाण्णा पावलं मोजत होता, काठ्या देत होता, सगळं करत होता. पण एकदाही "आहे" म्हणाला नाही. समीरनं एकदा हसून विचारलंही, "काय भरमाण्णा, आज नाही काय 'आहे'?" तो नुसता मान हलवून पुढं गेला.

दहाव्या होलाजवळ पाण्याचा नळ होता. तो दोरीपाशी आला. बाटली भरता भरता, माझ्याकडं न बघता बोलला.

"बघितलास न्हवं, पहिल्याला?"

"बघितलो."

"दोन फटके म्हणतोय तो."

"कुणी बघितलं नाही. गप्प बस."

"तू बघितलास की."

"मी कोण आहे? मी बघ्या आहे. भरमा, ऐक. पोराचं आयुष्य आहे. तू तोंड उघडलास तर ते दुकानात जाऊन बसतंय. बेडा. सोडून दे."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "खेळू दे तरी त्याला. आत्ताच सांगितलो तर हात थरथरतील." एवढं बोलून तो गेला.

मी आजही म्हणतो, गप्प बसायला हवं होतं. लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. टॉवेलानं दव पुसलं म्हणून बॉल आत गेला नाही. समीरच्या हातानं गेला. दोन हातांच्या बोटांवर मोजता येणार नाहीत इतक्या वर्षांची मेहनत होती ती. पण भरमाण्णाला पटवणं माझ्यानं कधीच झालं नाही, तेलाचंसुद्धा नाही.

अठरावा होल झाला. टाळ्या झाल्या. खेळ संपला की खेळाडू एका तंबूत जातात, आपापल्या फटक्यांचं कार्ड तपासून सही करतात. सही झाली की झालं, मोजलेले फटके खरे असा खेळाडूचा शब्द झाला. समीर तंबूकडं निघाला, चेहरा फुललेला. दाराशी भरमाण्णा आडवा उभा राहिला. लोकांसमोर तो समीरला साहेब म्हणायचा. त्या दिवशी नाही म्हणाला.

"समीर, सही करू नको."

"का?"

"पहिल्या ग्रीनवर मी टॉवेल ओढलो. दवावर. तू पलीकडं गेला होतास."

समीरला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी बघितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "कुणी बघितलं?"

"हा बघितला," भरमाण्णा माझ्याकडं बोट करून म्हणाला. "बाकी कुणी नाही."

समीरनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. तो काय मागत होता ते मला कळत होतं. मी "नाही बुवा, मी काही बघितलो नाही" एवढं म्हणायचं होतं. दहाव्या होलाला भरमाण्णाला शहाणपण शिकवणारा मी. पण माझं तोंड उघडलं नाही. भरमाण्णा बाजूला उभा होता, त्याच्या देखत मला ते म्हणता आलं नाही.

समीर आत गेला. तिथल्या साहेबांना त्यानं स्वतः सांगितलं. हे खरं आहे, आणि भिंतीवरच्या मजकुरात तेवढं खरं आहे. त्याला न सांगता सही करता आली असती. त्यानं केली नाही. दोन फटके वाढले.

रेघ संध्याकाळी पडली. दुपारभर आम्ही त्या भिंतीएवढ्या टीव्हीखाली बसून होतो. भरमाण्णाला आकडे कळत नव्हते, तो दर थोड्या वेळानं विचारायचा, "वर आहे काय खाली?" मी नावाशेजारचा फोटो बघून सांगायचो, "वर आहे." मग, "अजून वर आहे." मग नावं सरकली आणि समीर एका फटक्यानं खाली गेला. त्यानं विचारलं, मी सांगितलं. त्यानं बूट काढले, टीव्हीखालीच, आणि हातात घेऊन चालायला लागला. एका पहारेकऱ्यानं हटकलं तर त्याला म्हणाला, "झालं की आता."

समीर आम्हाला भेटला नाही. गाडीनं एकटाच गेला. आम्ही रेल्वेनं आलो. दावणगेरेपर्यंत भरमाण्णा बूट मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता. नंतर म्हणाला, "त्याची लेक लहान आहे न्हवं अजून?" मी म्हणालो, "होय."

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण ते लिहायला मला आवडत नाही. समीर दुकानात बसला. मैदानावर गोणपाटाची गोष्ट सुरू झाली. कुणी सुरू केली ते मला माहीत आहे, पण तो आता वारला आहे. नवे मेंबर भरमाण्णाला हाक मारायचे, "अज्जा, आमच्या दारातलं दव पुसून दे की!" तो ऐकायचा आणि जायचा. मग कुणी बॅग देईना. या वेळी तो चिंचेखाली बसायला आला नाही. पुतण्याकडं गावी निघून गेला. मैदानालाही नंतर गवत लावलं, पाण्याचे पाइप टाकले, माझं ब्राऊनही गेलं. भिंतीवर तो फोटो लावला तेव्हा मी गावी जाऊन भरमाण्णाला सांगितलं. मी चिडलो होतो. म्हणालो, "उद्या जाऊन काच फोडतो बघ."

तो म्हणाला, "सुम्नीर, गप्प बस. त्यानं सांगितला ते खरं आहे की."

"आणि तू?"

"मी काय खेळत होतो काय?"

शेवटचं बघितलं ते गेल्या वर्षी. त्याच्या छातीत पाणी झालं होतं. धारवाडच्या मोठ्या दवाखान्यातून घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते कळलंच. मी दर दोन आठवड्यांनी धारवाडहून अळणावरची बस धरून जायचो. त्या दिवशी अंगणात एक गाडी उभी होती. आत समीर खाटेशेजारी खुर्चीवर बसलेला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, मांडीवर दुकानाच्या कागदांची जाड बॅग. किती वर्षांनी दोघं समोरासमोर होते ते मोजत नाही. मी दाराशी बसलो.

पुतण्याच्या बायकोनं चहा दिला. समीरनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "एक विचारायचं होतं. का सांगितलंस? मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं. तू नसतं सांगितलंस तर काय झालं असतं?"

भरमाण्णाला दम लागत होता. तो तुटक तुटक बोलला. "सही तुझी होती. माझी असती तर गप्प बसलो असतो."

समीरनं रिकामा कप जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मी खोटं बोलणार नाही. मी तुला अजून माफ केलेलं नाही. प्रयत्न केला. होत नाही."

मला वाटलं, आता म्हातारा खचणार. मी उठायला लागलो. पण भरमाण्णानं मान हलवली, साधीच, एखाद्यानं पाऊस नाही म्हणून सांगावं आणि आपण होय म्हणावं तशी.

"कशाला करतोस," तो म्हणाला. "तुझं गेलंय की ते."

समीर उठला. डोळे पुसले नाहीत, पाया पडला नाही, तसलं काही झालं नाही. बॅग खुर्चीवर ठेवून तो दारात चपला घालायला वाकला. तेवढ्यात भरमाण्णा खाटेवरून उतरला. दोन महिने तो भिंतीला धरल्याशिवाय उभा राहत नव्हता. त्यानं ती बॅग उचलली, पट्टा डाव्या खांद्यावर घेतला, एकदा झटका देऊन नीट बसवला. समीरनं मागं वळून बघितलं. मग तो पुढं चालायला लागला, आणि भरमाण्णा त्याच्या मागं दोन पावलांवर, अनवाणी, गाडीपर्यंत.

मी धरायला गेलो नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, गाडी गेल्याचा आवाज आला. अंगण एवढंसं आहे, पण भरमाण्णाला परत यायला पुष्कळ वेळ लागला.